तीन वाचनालयं, एक शोधखिडकी: बडोद्यातल्या मराठी पुस्तकयाद्या जोडण्याच्या नोंदी

१५ जून २०२५

बडोद्यातल्या तीन मराठी वाचनालयांच्या याद्या एकाच ठिकाणी शोधता याव्यात, एवढंच काम आहे. संस्थांची नावं इथे देत नाही. ज्याच्यावर त्यांचं काम चालतं त्यावरून ओळखू. कोहावाल्यांकडे कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या ठरलेल्या नोंदसाच्यात आहेत. एक्सेलवाल्यांची यादी ग्रंथपाल काकूंनी वर्षानुवर्षं युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केली आहे. ॲक्सेसवाल्यांचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर एका गुजराती प्रोग्रामरभाईंनी करून दिलेला. त्यात मराठी पुस्तकांची नावंही गुजराती लिपीत आहेत, कारण टाइप करणाऱ्या बेनना तोच कीबोर्ड येतो.

बैठकीत सगळ्यांनीच कोहावर यावं असा विषय निघाला. मी नको म्हटलं. काकूंचं वाचनालय संध्याकाळी थोडा वेळ उघडं असतं आणि तेवढ्या वेळात त्या देवघेव, वर्गणी, नवी खरेदी असं सगळं एकट्या बघतात. त्यांच्या हातात बसलेलं साधन काढून घेतलं तर नवीन साधन शिकण्याआधी यादी ठेवणंच बंद होईल. म्हणून ठरलं ते असं: कोणीही स्वतःकडे काही बदलायचं नाही. जे आहे ते जसं आहे तसं पाठवायचं. अर्थ लावायचं काम मधल्या सर्व्हरवर होईल, आणि आलेली मूळ फाइल तिथे वेगळ्या कप्प्यात कायम राहील. ही शेवटची अट मी हट्टाने घालून घेतली. सर्व्हरचं भाडं महिन्याला साडेसातशे रुपये आहे, तिन्ही संस्था वाटून घेणार.

२२ जून

काकूंची यादी. त्यांनी आपण होऊन तिची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली, नुसत्या मजकुराची फाइल) करून दिली होती, "तुम्हांला सोपं जावं म्हणून." तीच अडचण ठरली.

जुन्या फॉन्टात अक्षरं ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडात ती नंतर येते. रफार फॉन्टात अक्षराच्या शेवटी असतो, युनिकोडात तो 'र्' म्हणून आधी लागतो. म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरं टाकून भागत नाही, क्रमही हलवावा लागतो. इंटरनेटवरचं तयार परिवर्तक साध्या शब्दांवर छान चाललं, पण 'कीर्तिस्तंभ' आणि 'ज्योतिर्लिंग' यांवर अडकलं, कारण तिथे रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात. स्वतःचा रूपांतराचा तक्ता लिहिला आणि असे अवघड शब्द गोळा करून चाचणीयादी केली. तुम्ही हे काम करणार असाल तर चाचणीयादी आधी करा, तक्ता नंतर.

तरीही काही ओळी निव्वळ कचरा निघत होत्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग काकूंना विचारलं. मधे त्यांचा जुना संगणक बंद पडला होता, नवीन संगणकावर दुसरा फॉन्ट मिळाला, दिसायला तसाच. आतली चिन्हं मात्र वेगळ्या घरांत बसवलेली. कुठली ओळ कुठल्या फॉन्टातली हे एक्सेलच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक पेशीसोबत, म्हणजे चौकटीसोबत, नोंदलेलं असतं. सीएसव्ही करताना ते गळून पडतं आणि मागे उरतात ती नुसती अक्षरं, अर्थ लावायची किल्ली नसलेली.

आयएसबीएनचंही, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचंही, तेच. तेरा आकडे एक्सेलने ९.७८८१९ई+१२ असे दाखवले आणि सीएसव्हीत तसेच लिहिले. मागचे आकडे गेले. मूळ फाइलमध्ये ते पूर्ण शाबूत होते. आता काकूंकडून मूळ फाइलच घेतो आणि पेशीचा फॉन्ट बघून तक्ता निवडतो.

१० जुलै

गुजराती लिपीतली यादी. ही सगळ्यांत अवघड जाईल असं वाटलं होतं, पण ती सोपी निघाली. युनिकोडातले भारतीय लिपींचे विभाग १९८८च्या इस्की या भारतीय मानकाच्या आराखड्यावर बसवलेले आहेत, त्यामुळे गुजराती 'क' आणि देवनागरी 'क' आपापल्या विभागात त्याच जागी आहेत. अंतर ३८४ घरांचं. प्रत्येक गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की देवनागरी मिळते.

अडचण निघाली ती भाषेच्या रकान्यात. कुठलं पुस्तक मराठी आणि कुठलं गुजराती हे त्यावरून कळणार होतं. पण सगळ्या ओळींवर 'गुजराती' लिहिलेलं! भाईंना फोन केला. ते म्हणाले, नवीन नोंद उघडली की तो रकाना आपोआप तसा भरला जातो, बेन तो बघतही नाहीत. म्हणजे तिथे 'गुजराती' याचा अर्थ 'पुस्तक गुजराती आहे' असा नाही, 'या रकान्याला कोणी हात लावला नाही' असा आहे. आपोआप भरलेली किंमत आणि माणसाने विचार करून भरलेली किंमत फाइलमध्ये अगदी सारखी दिसतात, म्हणून पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय कुठल्याच रकान्यावर विसंबू नका. तो रकाना आम्ही वाचणं सोडलं. मराठी पुस्तकांच्या कपाटांचे क्रमांक बेनना माहीत होते. कपाटावरून भाषा लावली.

२६ जुलै

आज 'गोऱ्हे' शोधून पाहिलं. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. त्यांची पुस्तकं तिन्ही ठिकाणी असायला हवीत. शोधखिडकीत फक्त कोहावाल्यांची दिसली.

'ऱ्ह' युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग 'ह'. दुसरी, साधा 'र', हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग 'ह'. गोऱ्हे आणि गोर्‍हे: पडद्यावर डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला हे दोन वेगळे शब्द. आमच्या तक्त्यातून एक्सेलवाल्यांचं नाव दुसऱ्या रीतीने निघत होतं. ॲक्सेसवाल्यांकडे तिसराच प्रकार: गुजराती कीबोर्डवर बेननी साधा जोडाक्षराचा रफार दिला होता, त्यामुळे 'गोर्हे'.

युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली पद्धत, एनएफसी, चालवून पाहिली. तिने 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे सुटे असतील तर त्यांचा 'ऱ' होतो, पण झेडडब्ल्यूजेचं रूप ती 'ऱ'कडे आणत नाही. तयार साधनावर विसंबून हा प्रश्न सुटत नाही, नियम स्वतः लिहावा लागतो. 'ॲ'चंही तसंच: हे अक्षर युनिकोडात २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीच्या नोंदींत 'अ'वर चंद्र दिलेला असतो, काहींनी 'ऍ' वापरलेला असतो.

त्यात जुनं शुद्धलेखन. १९६२च्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'घरांतील' असंच छापलेलं आहे. कोहावाल्यांनी मुखपृष्ठावर आहे तसं लिहिलं, काकूंनी नव्या पद्धतीने. दोन्ही बरोबर. मुखपृष्ठ जपणं हे ग्रंथपालाचं काम आहे आणि वाचकाला सापडेल असं लिहिणं हेही.

शेवटी प्रत्येक नावाला एक वेगळी शोधकिल्ली जोडली. तिच्यात ऱ-रची सगळी रूपं एकच होतात, अनुस्वार निघतात, ऱ्हस्व-दीर्घ एक होतं. ही किल्ली कधीच कोणाला दाखवायची नाही. दाखवायचं ते मूळ. आणि तिच्यावरून दोन नोंदी एकच पुस्तक म्हणून कधीच जोडायच्या नाहीत. शोध ढिला असला तर वाचकाला एक जास्तीची ओळ दिसते. जोडणी ढिली असली तर एक पुस्तक यादीतून नाहीसं होतं.

१४ ऑगस्ट

'वर्ष' या रकान्याने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. आधी कळलंच नाही की इथे काही बिघडलं आहे.

तपासणीचा नियम होता: वर्ष १८००च्या पुढचं आणि चालू वर्षाच्या आतलं असावं. सगळ्या नोंदी त्यात बसल्या. मग सालवार यादी काढली तेव्हा एकाच मालिकेतलं एक पुस्तक १८३२ सालचं, दुसरं १९१२चं दिसलं. पहिल्यावर शके १८३२ छापलेलं होतं. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे ते १९१० किंवा १९११चं. काकूंनी मुखपृष्ठावरचा आकडा उतरवला, 'शके' हा शब्द रकान्यात मावत नव्हता.

शके निदान जुने दिसतात. संवत जास्त फसवा. बडोद्यात छापलेल्या काही पुस्तकांवर विक्रम संवत आहे आणि संवत १९६६ हा आकडा आपल्याला अगदी ओळखीचा इसवी सन वाटतो. खरं साल १९०९-१०. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची चूक, आणि कुठलीही आकड्यांची तपासणी ती पकडणार नाही.

पकडली ती किंमतीच्या रकान्याने. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. 'वर्ष १९६६, किंमत १२ आणे' असं एकाच ओळीत आलं की काहीतरी गडबड आहे. हा नियम लावून संशयित ओळी वेगळ्या काढल्या आणि दर ओळीमागे दोन रुपये देऊन एका विद्यार्थिनीकडून कपाटातली पुस्तकं उघडून तपासून घेतली. या कामातला सगळ्यांत योग्य खर्च हा.

आता वर्षाचे तीन भाग ठेवतो: छापलेला आकडा, कालगणना (शके, संवत, इसवी, किंवा 'माहीत नाही'), आणि त्यावरून आम्ही काढलेली 'पासून–पर्यंत' अशी इसवी सनाची जोडी. महिना माहीत नसेल तर शकाचं एकच इसवी वर्ष काढता येत नाही, म्हणून जोडी. 'माहीत नाही' हा पर्याय ठेवायला विरोध झाला, यादी अपुरी दिसते म्हणून. पण तो नसेल तर भरणारा अंदाज लिहितो आणि पुढच्याला तो अंदाज पुरावा वाटतो.

३ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, काम बंदच. मात्र काल काकूंची मासिक फाइल आली आणि रात्री सर्व्हरने एक्सेलवाल्यांची जवळजवळ सगळी पुस्तकं यादीतून काढून टाकली.

काकूंनी फक्त नवीन पुस्तकांची फाइल पाठवली होती. बाकीची आम्हांला आधीच दिली होती, मग परत कशाला? त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हेच बरोबर आहे. आमचा प्रोग्राम मात्र प्रत्येक फाइल संपूर्ण समजत होता आणि जे पुस्तक फाइलमध्ये नाही ते रद्द झालं असं धरत होता. मूळ फाइली जपलेल्या असल्यामुळे यादी तासाभरात परत उभी राहिली.

आता फाइलच्या नावातच 'पूर्ण' किंवा 'भर' असतं. रद्द झालेल्या पुस्तकासाठी काकू ओळ पुसत नाहीत, 'रद्द' असं लिहितात. आणि नवी 'पूर्ण' फाइल आधीच्या यादीपेक्षा दहाव्या भागाहून जास्त लहान असेल तर प्रोग्राम थांबून फोन करायला सांगतो.

१९ सप्टेंबर

कोहावाल्यांकडून नोंदी ओएआय-पीएमएच या पद्धतीने येतात. या पद्धतीची आवृत्ती २.० २००२ची आहे आणि अजून उत्तम चालते: 'अमुक वेळेनंतर बदललेल्या नोंदी द्या' असं विचारायचं, समोरचा टप्प्याटप्प्याने देतो. समोर कुठलं सॉफ्टवेअर आहे हे आपल्याला माहीत असण्याची गरज नाही.

पण संध्याकाळी केलेल्या दुरुस्त्या आमच्याकडे पोचत नव्हत्या. सकाळच्या पोचत होत्या. त्यांचा संगणक दिवसाच चालू असतो म्हणून आमची मागणी दुपारी दोनला जाते. ती वेळ पुढच्या खेपेसाठी लिहून ठेवताना भारतीय वेळ लिहिली जात होती, पद्धतीला मात्र जागतिक वेळ लागते. जागतिक दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. दुपारी दोन ते साडेसात हा सगळा काळ दर दिवशी गळत होता आणि वाचनालयाचं खरं काम त्याच वेळात होतं.

दुरुस्ती साधी आहे: आपल्या घड्याळाकडे बघूच नका. समोरचा सर्व्हर प्रत्येक उत्तरात उत्तर दिल्याची स्वतःची वेळ लिहितो, तीच जपून पुढच्या मागणीत परत द्या. एखादी नोंद दोनदा आली तर बिघडत नाही, ती त्याच क्रमांकावर परत लिहिली जाते.

डब्लिन कोअरचा साचा वापरणं सोडलं, हेही इथेच लिहून ठेवतो. ओएआय-पीएमएचमध्ये तो सगळ्यांना द्यावाच लागतो, पंधरा घटकांचा आहे, समजायला सोपा. पण त्यातला 'तारीख' हा घटक कशाची तारीख ते सांगत नाही. मार्कची पूर्ण नोंद मागवली, जड आहे पण प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली आहे.

७ ऑक्टोबर

नवरात्र आटोपलं. या शहरात त्या नऊ रात्रींत कोणाला फोन करून उपयोग नसतो.

एक आजोबा मांजलपूरहून रिक्षा करून गावात आले, खिडकीत 'उपलब्ध' दिसलं म्हणून. पुस्तक तिथे नव्हतं. ते रागावले नाहीत, पण मला फार लागलं, कारण ही खिडकी त्यांच्यासारख्यांसाठीच केली आहे.

तिन्ही ठिकाणी 'उपलब्ध' असा रकाना आहे. कोहावाल्यांकडे त्याचा अर्थ: आत्ता कोणाकडे गेलेलं नाही. काकूंकडे: दाखल नोंदवहीत आहे, रद्द केलेलं नाही, देवघेव त्या कार्डांवर करतात, ती एक्सेलमध्ये येतच नाही. ॲक्सेसवाल्यांकडे: पुन्हा तोच आपोआप भरला जाणारा रकाना. नाव एक, लिपी एक, आणि तिन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर. आम्ही ते एकाच खिडकीत शेजारी ठेवले तेव्हा खोटं तयार झालं.

काकूंनी रोजची देवघेव संगणकावर भरावी अशी सूचना आली. ती मी मानली नाही. खिडकीतून 'उपलब्ध' काढून टाकलं. आता दोन ठिकाणी 'यादीत आहे, येण्याआधी फोन करा' असं दिसतं आणि खाली वाचनालयाची वेळ. फक्त कोहावाल्यांपुढे 'आत शिल्लक आहे' असं लिहून शेवटची तपासणी कधीची तेही येतं.

२४ ऑक्टोबर

परवा बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष, झालं, इथे संवत २०८२ लागलं. इंदूरच्या नातेवाइकांना शुभेच्छांचा फोन केला तर त्यांचं २०८२ गुढीपाडव्यापासूनच चालू आहे. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतं, तिकडे चैत्रात. चैत्र ते आश्विन या काळात दोघांच्या आकड्यात एकाचा फरक असतो.

ऑगस्टमध्ये केलेल्या 'कालगणना' रकान्यात नुसतं 'संवत' होतं. कोहावाल्यांना इंदूर-ग्वाल्हेरकडून देणगीत आलेली पुस्तकं आहेत, त्यांच्यावरचं संवत तिकडचं. रकान्यात 'कार्तिकी संवत' आणि 'चैत्री संवत' असे दोन केले. प्रकाशनाचं गाव माहीत नसेल तर जोडीची मर्यादा दोन्ही बाजू सामावेल इतकी रुंद ठेवली. मूळ आकडा शेजारी असल्यामुळे पुन्हा गणित करायला फक्त प्रोग्राम चालवावा लागला. एकही कपाट उघडावं लागलं नाही.

९ नोव्हेंबर

ॲक्सेसवाल्यांच्या यादीत सगळ्या पुस्तकांचे लेखक 'मांडवी' आणि 'रावपुरा' झाले, म्हणजे शहरातले भाग. भाईंनी संस्थेच्या सोयीसाठी मधे एक 'देणगीदाराचा पत्ता' रकाना घातला होता आणि आमचा फाइल वाचणारा प्रोग्राम तिसरा रकाना म्हणजे लेखक असं मोजून वाचत होता. भाईंचं काही चुकलं नाही. त्यांच्या प्रोग्राममध्ये रकाना वाढवायला त्यांना आमची परवानगी का लागावी?

तो प्रोग्राम नव्याने लिहिला. रकाने नावाने शोधायचे, क्रमाने नाही. अनोळखी रकाना आला तर सोडून द्यायचा. नाव, लेखक, दाखल क्रमांक यांतला एखादा सापडला नाही तर काहीही न बदलता थांबायचं. देणगीदारांचे पत्ते मूळ फाइलसोबत आमच्याकडे साठत होते, ते भाईंना सांगून पाठवण्याआधीच काढायला लावले. लोकांचे पत्ते आमच्याकडे असण्याचं काही कारण नाही.

एक पानभर करारही लिहिला, मराठीत आणि गुजरातीत. त्यात प्रत्येक रकान्यापुढे एकच वाक्य आहे: हा रकाना कोण, कधी, कशावरून भरतं. प्रकार, लांबी वगैरे काही नाही, ती फाइल बघून कळतात. पानावर आवृत्तीचा आकडा आहे आणि ते तिन्ही टेबलांच्या काचेखाली आहे.

२३ नोव्हेंबर

एकाच पुस्तकाच्या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र दाखवायचं काम चालू आहे. तेरा आकडी आयएसबीएन २००७पासूनचा, आणि आमच्या जुन्या पुस्तकांना दहा आकडीही नाही. दाखल क्रमांक प्रत्येक वाचनालयाचा एकपासून सुरू होतो, म्हणून त्याच्या आधी संस्थेचं अक्षर लावलं. लेखकांसाठी नावांची वेगळी वही केली: वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकाच ओळीत, पण पुस्तकावर जे छापलं तेच पुस्तकापुढे. ही जोडणी फक्त माणूस करतो, आणि कोणी व कशावरून केली ते सोबत लिहितो, म्हणजे उद्या ती तोडता येते.

विषयांकांचं काम राहिलं आहे. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या बॉर्डन यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण केलं होतं. संस्थानकाळच्या काही पुस्तकांवर जुन्या चिठ्ठ्या आहेत, नव्यांवर ड्युई या दशांश वर्गीकरणाचे आकडे, आणि तिन्ही याद्यांत दोन्ही एकाच रकान्यात. मार्कमध्ये ड्युईसाठी ०८२ आणि इतर पद्धतींसाठी ०८४ असे वेगळे कप्पे आहेत, ०८४मध्ये पद्धतीचं नावही देता येतं. दोन्ही वेगळे होईपर्यंत विषयवार शोध बंद ठेवला आहे.

पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांतला फरकही तिन्हीकडे वेगळा धरला जातो. काकूंच्या मते मजकूर बदलला तरच आवृत्ती. बेन मुखपृष्ठावर जे लिहिलं असेल ते घेतात. शनिवारी दोघी पहिल्यांदा एकत्र बसणार आहेत, पुस्तकं समोर ठेवून. कराराच्या पानावर त्या रकान्यासमोरची जागा अजून रिकामी आहे.